दाणा कोणता मारावा?

धातूच्या पृष्ठभागावर बारीक, कठीण कणांचा वेगाने मारा करून त्यावरचा गंज, जुना रंग, कार्बनचा थर किंवा ओतकामात चिकटून राहिलेली वाळू उडवून देण्याच्या पद्धतीला कारखान्यांत सरसकट ‘ब्लास्टिंग’ म्हणतात. वर्कशॉपच्या पाटीवर मात्र अजूनही बहुधा ‘सँडब्लास्टिंग’ असे लिहिलेले असते, मग आत वाळूचा एक कणही नसो. ज्या कणांचा मारा होतो त्यांना बाजारात ‘मीडिया’ म्हणतात. मराठीत त्यांना दाणा म्हटले की आकार, वजन आणि कठीणपणा या तिन्ही गोष्टी एका शब्दात डोळ्यांसमोर येतात.

दाणा निवडताना बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘काढायचे काय?’ हा. खरे तर तो दुसरा प्रश्न आहे. गंज किंवा रंग उडवू शकणारे दाणे डझनभर मिळतात. पण तो थर गेल्यावर खाली उरणाऱ्या धातूचे काय व्हायला हवे? तो खडबडीत हवा की गुळगुळीत, त्याचे माप थोडे हलले तर चालेल का, त्यावर पुढे रंग बसणार की त्यातून तेल फिरणार? ‘राखायचे काय?’ याचे उत्तर एकदा मिळाले की डझनभर नावांची यादी दोन-तीन नावांवर येते. चुकीच्या दाण्याने बिघडलेले बहुतेक भाग अस्वच्छ राहिलेले नसतात. ते नको तितके स्वच्छ झालेले असतात.

वाळूपासून सुरुवात

या तंत्राचे पेटंट अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमनने १८७०मध्ये घेतले. अमेरिकी यादवी युद्धात लढलेला हा गृहस्थ रसायनांत आणि यंत्रांत रमणारा होता. वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या झोताने वाळू फेकून काच, दगड आणि धातू कोरता येतो, साफ करता येतो, हे त्याने दाखवून दिले. वाळवंटातल्या वाऱ्याने खिडक्यांच्या काचा पांढुरक्या झालेल्या पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, निसर्ग हे काम फार आधीपासून करत आला आहे यात शंका नाही.

वाळू स्वस्त आणि कुठेही मिळणारी. त्यामुळे पुढची कित्येक दशके दाणा म्हणजे वाळू हे समीकरण पक्के राहिले. त्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. वाळूतला क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. धातूवर आदळून तो फुटतो आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. शरीराला ती विरघळवता येत नाही. तिच्याभोवती वण तयार होत जातात आणि फुप्फुस कडक होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. त्यात क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच.

ब्रिटनने ओतीव भागांच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूवर १९४९मध्येच बंदी घातली. भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांत केली आणि राज्यांच्या कारखाना नियमांत ब्लास्टिंग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत गेले. तरीही धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागला. जीन्सच्या कापडाला ‘जुनाट’ रूप देण्यासाठी तुर्कस्तानातल्या छोट्या कारखान्यांत वाळूचा मारा होत असे. तिथली विशी-तिशीतली मुले सिलिकोसिसने मरू लागली, तेव्हा २००९मध्ये त्या देशाने या कामावर बंदी आणली. एखाद्या कोपऱ्यातल्या वर्कशॉपमध्ये आजही चाळलेली वाळू हॉपरमध्ये जाताना दिसली तर ती काटकसर नव्हे, निव्वळ बेजबाबदारी आहे. निवडीच्या यादीतून वाळू पहिल्यांदा वगळावी आणि मगच पुढचा विचार सुरू करावा.

दाण्याचे गणित

दाण्याचा परिणाम चार गोष्टींवर ठरतो: आकारमान, घनता, कठीणपणा आणि कडा. त्यांतली आकारमानाची बाजू सर्वांत जास्त चुकते. ‘दाणा मोठा, तर काम जास्त’ असा सार्वत्रिक समज आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या गोळीऐवजी अर्धा मिलिमीटर व्यासाची गोळी घेतली तर एका गोळीचे वजन निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. म्हणजेच एक किलो मालात गोळ्यांची संख्या आठपट होते. मोठी गोळी जोरात आदळते, पण क्वचित. लहान गोळ्या हलके आदळतात, पण जागाच शिल्लक ठेवत नाहीत. म्हणून जाड, कडक खपली फोडायला मोठा दाणा आणि पातळ गंज किंवा रंग पुसायला बारीक दाणा. जो लहानात लहान दाणा थर हलवू शकतो तोच सर्वांत जलद काम करतो, हा नियम जवळजवळ कधीच चुकत नाही.

घनतेचे तसेच. पोलादाची घनता पाण्याच्या सात पटींहून अधिक, गार्नेट आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची चारपटीच्या आसपास, काचेची अडीच पट. एकाच मापाची पोलादी गोळी आणि काचेचा मणी सारख्याच वेगाने आदळले तर पोलादाचा ठोसा जवळपास तिप्पट बसतो. काच नाजूक भागांना मानवते याचे अर्धे कारण हेच.

कडांमुळे कामाची जातच बदलते. गोल दाणा ठोकतो, कोनेदार दाणा खरवडतो. गोल दाण्याने पृष्ठभागावर उथळ खळगे पडतात आणि सौम्य चमक येते. कोनेदार दाण्याने टोकदार डोंगर-दऱ्या तयार होतात आणि पृष्ठभाग मंद, खरखरीत दिसतो. रंगाला धरून राहायला दात लागतात. ते दात कोनेदार दाण्यानेच पडतात.

या दातांच्या खोलीला ‘प्रोफाइल’ म्हणतात आणि ती मायक्रॉनमध्ये मोजतात. पोलादी बांधकामाच्या रंगासाठी ५० ते ७५ मायक्रॉनचे प्रोफाइल बहुधा मागितले जाते. ते अधिक खोल असले तर अधिक चांगले, असे नाही. डोंगराचे शेंडे प्राइमरच्या थरातून वर डोकावू लागले की नेमके तिथूनच गंजाचे ठिपके फुटतात. पावडर कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. त्याखाली भरड ग्रिटने, म्हणजे कोनेदार दाण्याने, खणलेला पृष्ठभाग ठेवला तर कोटिंगवरून हात फिरवतानाही खाली काय झाले आहे ते कळते.

मापांच्या नावांमध्ये एक खोच आहे आणि खरेदीत ती अनेकांना भोवते. पोलादी गोळीच्या, म्हणजे शॉटच्या, क्रमांकात आकडा वाढला की दाणा मोठा होतो. एस-३३० म्हणजे ०.०३३० इंच, सुमारे ०.८४ मिलिमीटर; एस-२३० त्याहून बारीक. ग्रिट आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांचे क्रमांक मात्र चाळणीच्या भोकांवरून आलेले. तिथे आकडा वाढला की दाणा बारीक होतो. जी-२५ भरड आणि जी-८० बारीक. फोनवरून ‘मोठ्या नंबरचा माल पाठवा’ असे सांगितले की समोरचा कुठला मोठा समजला ते पोती उघडल्यावरच कळते.

पोलाद: भट्टीपासून कमानीपर्यंत

वजनाच्या हिशेबात कारखान्यांत सर्वांत जास्त लागणारा दाणा पोलादाचा. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतशाळांची दाटी आहे. तिथून निघणारे कास्टिंग साच्यातून बाहेर पडते ते वाळू आणि काळ्या खपलीसह. त्याला शॉट मारल्याशिवाय पुढच्या मशीनिंगला हात लागत नाही. चिकटलेली वाळू कठीण असते. ती तशीच राहिली तर लेथवरच्या टूलची धार काही मिनिटांत जाते.

इथे हवेचा झोत नसतो. वेगाने फिरणारे, पात्यांचे एक चाक दाण्याला गोफणीसारखे भिरकावते आणि दाणा सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर वेगाने कास्टिंगवर आदळतो. हवा दाबायला लागते त्याच्या तुलनेत यात वीज फार कमी जाते. म्हणून रोज टनावारी माल काढणाऱ्या ओतशाळेला चाकाचेच यंत्र परवडते. राजस्थानातले जोधपूर हे अशा यंत्रांच्या निर्मितीचे देशातले मोठे केंद्र आहे. लहान भाग रबरी पट्ट्यावर घुसळत राहतात, मोठे भाग हुकाला टांगून फिरवतात.

पोलादी दाणा सहजासहजी फुटत नाही. शेकडो फेऱ्या मारून हळूहळू झिजतो. त्यामुळे चालू यंत्रात कधीच एका मापाचा माल नसतो. नवा, अर्धा झिजलेला आणि बारीक झालेला असे मिश्रण तयार होते आणि सर्वांत चांगले काम हे मिश्रणच करते: मोठे दाणे खपली फोडतात, बारीक दाणे कोपरे पुसतात. शहाणा चालक म्हणूनच रोज थोडा-थोडा नवा माल टाकतो. पंधरा दिवस काहीच न टाकता एकदम चार पोती ओतणाऱ्याच्या कास्टिंगचा पोत त्या दिवशी बदलतो आणि दोष मात्र नव्या मालाला जातो. धूळ आणि फुटका माल वेगळा करणारा सेपरेटर नीट लावलेला नसला तर आणखी एक नुकसान. चिकटलेली वाळू दाण्यात मिसळून पुन्हा चाकावर येते आणि चाकाची पाती खाऊन टाकते.

शॉटचा एक वेगळा उपयोग साफसफाईशी गल्लत करून सांगितला जातो. ट्रकच्या कमानपट्ट्यांवर आणि इंजिनाच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगवर गोल शॉट मारतात तो स्वच्छतेसाठी नव्हे. प्रत्येक गोळीच्या ठोक्याने वरचा थर पसरू पाहतो, खालचा धातू त्याला धरून ठेवतो आणि पृष्ठभागात दाबाचा ताण कोंडला जातो. तडा ओढीने वाढतो. त्यामुळे दाबलेल्या पृष्ठभागावर तो सहज सुरू होत नाही आणि स्प्रिंगचे आयुष्य कित्येक पट वाढते. या क्रियेला पीनिंग म्हणतात. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेनने तिचे मोजमाप बसवले. पातळ पोलादी पट्टीच्या एका बाजूवर शॉट मारायचा आणि ती किती वाकते ते पाहायचे. हीच गोष्ट पातळ पत्र्यावर शाप ठरते, ते पुढे येईलच.

खनिजे आणि कुरुंद

जहाजाचे पोट, पूल, तेलाच्या टाक्या अशा उघड्यावरच्या कामात दाणा गोळा करून पुन्हा वापरणे कठीण असते. तिथे एकदाच वापरून टाकायचा स्वस्त माल लागतो. गोदीतला नेहमीचा माल म्हणजे तांब्याच्या भट्टीचा मळ, कॉपर स्लॅग. काळा, काचेसारखा, कोनेदार. त्यात मोकळी सिलिका अगदी कमी असते म्हणून वाळूच्या जागी तो आला. मात्र तो पहिल्याच माऱ्यात चुरा होतो, धूळ खूप करतो आणि त्याचे बारीक टवके कधी कधी पोलादात रुतून बसतात.

गार्नेट हा त्याहून सभ्य माल. रत्नांच्या दुकानात गोमेदाच्या शेजारी बसणारा हा तांबूस खडा ओडिशा, तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या जड वाळूतून वेगळा काढला जातो. त्याचा कठीणपणा मोह्सच्या मापावर सात ते आठ, घनता चांगली आणि धूळ कमी. गोळा करता आला तर चाळून तीन-चारदा वापरता येतो. पोत्याचा भाव स्लॅगपेक्षा बराच जास्त दिसतो. पण एक चौरस मीटर साफ करायला लागणारा माल, मजुरी आणि उचलून टाकायचा कचरा असा एकत्र हिशेब मांडला की फरक खूप आटतो. दाण्याची किंमत किलोने काढणे ही खरेदी विभागाची सर्वांत जुनी चूक आहे.

कॅबिनेटमध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, कठीण कामासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड येतो. हा म्हणजे आपला कुरुंद. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दच तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेला. धार लावणाऱ्यांच्या शाणेत पिढ्यान्‌पिढ्या हेच खनिज होते. आता ते बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत बनवतात. कठीणपणा मोह्सच्या मापावर नऊ. तो फुटला तरी नव्या कडा धारदारच निघतात, म्हणून पुन्हा पुन्हा चालतो. लोहमुक्त असल्याने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमवर डाग सोडत नाही. सिलिकॉन कार्बाइड त्याहून कठीण आणि जलद, पण महाग. साध्या गंजासाठी त्याची गरज पडत नाही.

स्टेनलेसचा मुद्दा स्वतंत्र सांगायला हवा. साध्या पोलादाच्या शॉटने, किंवा आदल्या दिवशी लोखंडी भाग साफ केलेल्या मालाने, स्टेनलेसचे भांडे ‘चकचकीत’ करून दिले की ते दोन आठवड्यांनी गंजलेले परत येते. गंजते ते स्टेनलेस नाही, त्यात रुतलेले लोखंडाचे कण. पण गिऱ्हाईक तेवढा भेद करत बसत नाही. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमसाठी वेगळा दाणा, शक्य तर वेगळी पेटीच ठेवावी.

काचेचे मणी आणि मऊ माल

माप राखून साफ करायचे असेल तेव्हा काचेचे मणी. हे गोल, सिलिका मोकळ्या स्फटिकरूपात नसलेले, मऊसर काचेचे बारीक गोळे. धातू जवळजवळ न काढता ते मळ उडवतात आणि साटिनसारखी चमक आणतात. ॲल्युमिनियमची कव्हरे, पितळी भाग, साच्यांची पोकळी यांना ही चमक शोभते. मात्र त्यांना जोर सोसत नाही. चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोच्या दाबापर्यंत ते टिकतात. त्यापुढे दाब वाढवला की मणी फुटून काचेचे टोकदार तुकडे होतात. आता मारा होतो तो वेगळ्याच दाण्याचा आणि चमकेऐवजी करडी खरखर येते. काम हळू होते म्हणून दाब वाढवणाऱ्याचा माल दुप्पट वेगाने संपतो आणि परिणामही बिघडतो.

मण्यांचा खरा धोका ते आत अडकण्याचा. इंजिनाच्या तेलवाहिन्या, पिस्टनच्या रिंगांच्या खाचा आणि आट्यांच्या तळाशी ते असे बसतात की हवेने, रॉकेलने धुऊनही एखादा उरतोच. इंजिन गरम झाले की तो सुटतो आणि बेअरिंगमध्ये जातो.

मऊ माल वापरला म्हणजे हा धोका टळला, असेही नाही. अक्रोडाच्या कवचाचा भुसा मऊ, नैसर्गिक, धातूला अजिबात न ओरखडणारा म्हणून प्रसिद्ध आहे. ११ सप्टेंबर १९८२ रोजी जर्मनीतल्या मानहाइमला हवाई प्रात्यक्षिकाच्या वेळी अमेरिकी लष्कराचे एक चिनूक हेलिकॉप्टर कोसळले आणि त्यातले सर्व ४६ जण ठार झाले. तपासात कारण निघाले ते गिअरबॉक्सचे भाग साफ करायला वापरलेला अक्रोडाचा भुसा. तो तेलाच्या बारीक तोट्यांत साचला, वंगण थांबले, दोन रोटरांचा ताळमेळ ठेवणारी यंत्रणा निकामी झाली. दाण्याने त्या भागांवर ओरखडा उमटवला नव्हता. पुरता न निघणे एवढाच त्याचा दोष. ज्यातून तेल किंवा इंधन वाहणार आहे अशा भागाला कोरडा दाणा मारायचाच असेल तर आधी प्रत्येक भोक बुजवावे. नंतर प्रत्येक वाहिनीतून तार किंवा ब्रश आरपार जाईपर्यंत तो भाग जोडणीला देऊ नये.

विरघळणारा दाणा हा यावरचा चांगला उपाय. खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट, मोह्सच्या मापावर जेमतेम अडीच. रंग आणि काजळी काढतो, धातूला धक्का लावत नाही, उरला तर पाण्याने विरघळून जातो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८६च्या शताब्दीपूर्वी डागडुजी झाली, तेव्हा आतल्या तांब्याच्या पत्र्यावरचा डांबराचा जुना थर याच सोड्याने काढला. पुतळ्याचा पत्रा नाण्यासारखा पातळ. कठीण दाणा तिथे चाललाच नसता. तरी सोड्यानेही गंमत केली: फटींतून बाहेर झिरपलेल्या सोड्याने बाहेरच्या हिरव्या थराचा रंग जागोजागी बदलू लागला आणि कामगारांना बाहेरून पाणी मारत राहावे लागले. सोड्यानंतर पोलादाला रंग द्यायचा असेल तर तो धुणे आवश्यकच. राहिलेल्या क्षारांवर रंग धरत नाही.

विमानांच्या ॲल्युमिनियमवरचा रंग काढायला प्लॅस्टिकचे दाणे वापरतात. ते रंगापेक्षा कठीण आणि धातूपेक्षा मऊ. मक्याच्या कणसाचा भुसा तेलकट, नाजूक भागांना चालतो. उणे ७८.५ अंशांचा कोरडा बर्फ आदळून वायू होऊन निघून जातो, मागे धुण्यासारखे काही ठेवत नाही. टायरचे साचे आणि खाद्यपदार्थांची यंत्रे यासाठी तो उत्तम, गंजासाठी निरुपयोगी. बंद खोलीत मात्र त्याचा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो.

हवा किती लागते

दाणा बरोबर निवडूनही काम होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. सात किलोच्या दाबावर पाव इंची नोझलला मिनिटाला सुमारे ८० घनफूट हवा लागते. अर्ध्या इंचाला त्याच्या सुमारे चौपट, सव्वातीनशेच्या वर. गॅरेजमधला पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर जेमतेम पंधरा-वीस घनफूट देतो. त्याला पाव इंची नोझल लावले की पहिला अर्धा मिनिट टाकीतल्या साठ्यावर झोत जोरदार निघतो, मग काटा खाली येतो आणि दाणा नुसता सांडू लागतो. अशा कॉम्प्रेसरला एक अष्टमांश इंचाची तोटीच झेपते. नोझल झिजून रुंद होत जाते तशी हवेची भूक न सांगता वाढत जाते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ भोक एक सोळांश इंचाने वाढले की नोझल बदलावे.

कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असते. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात तर दाणा नळीत गोळा होऊन बसेल इतके पाणी. सापळे, ड्रायर आणि रोज सकाळी टाकीचे पाणी सोडणे याला पर्याय नाही. झोत पांढऱ्या टीपकागदावर मिनिटभर धरावा. ओला किंवा पिवळा डाग पडला तर त्या हवेने साफ केलेल्या पत्र्यावर रंग टिकणार नाही.

एका जुन्या चेतकची गोष्ट

निवड प्रत्यक्षात कशी होते हे जुन्या बजाज चेतकवरून नीट दिसते. १९७२मध्ये आलेली ही स्कूटर आता हौसेने नवी करून घेतली जाते आणि एकाच गाडीत चार वेगळे दाणे लागतात.

बॉडी पोलादी पत्र्याची. ती ब्लास्टिंगवाल्याकडे नेली आणि त्याने पोलादी ग्रिट भरलेले यंत्र तसेच तिच्यावर चालवले की डिकीचे झाकण आणि बाजूची पॅनेल लाटांसारखी फुगून परत येतात. पत्रा उष्णतेने वाकला असे सांगितले जाते, पण मुख्य कारण पीनिंगचे: एका बाजूचा थर ठोकून पसरला. सपाट पॅनेलला सोडा, प्लॅस्टिक किंवा फार तर बारीक गार्नेट कमी दाबाने, तिरप्या कोनात, झोत एका जागी न थांबवता मारावे. नुसता रंगच काढायचा असेल तर रंग काढायचे केमिकल अधिक सुरक्षित. चाकांची रिंग, स्टँड आणि फोर्कच्या जाड भागांना भरड गार्नेट किंवा कुरुंद मानवतो. त्यांना पावडर कोटिंगसाठी दात हवेतच.

इंजिनाची बाहेरची ॲल्युमिनियम कव्हरे काचेच्या मण्यांना द्यावीत. त्यांच्या जोडपृष्ठांवर मात्र टेप हवा, नाहीतर गॅस्केटमधून तेल झिरपेल. क्रँककेस आतून मारायची नाही. बेअरिंगच्या जागा, आटे, तेलाची भोके रबरी बुचांनी बंद करावीत. कार्ब्युरेटरला कोरडा दाणा टाळलेलाच बरा. त्याच्या जेटच्या वाटा केसाएवढ्या. त्याला पाण्यासोबत मण्यांचा मारा करणारी ओली पद्धत किंवा सोडा चालतो आणि नंतर भरपूर धुणे. पेट्रोलची टाकी धुऊन, वाफ पूर्ण काढून टाकल्याशिवाय तिला हात लावू नये. कोरड्या माऱ्यात नळीवर स्थिर विद्युतभार साठतो, ठिणगी पडू शकते. नळीला अर्थिंग हवेच.

मारण्याआधी, मारल्यानंतर

ब्लास्टिंग तेल काढत नाही. ग्रीस लागलेल्या भागावर मारा केला तर थोडे तेल पुसले जाते, थोडे पृष्ठभागात ठोकले जाते आणि उरलेले दाण्याला लागून पुढच्या शंभर भागांवर जाते. आधी धुणे, मग मारा, हा क्रम मोडू नये. दाण्यात तेल शिरले आहे का हे पाहायला बाटलीत स्वच्छ पाण्यात मूठभर दाणा टाकून हलवावे. वर तवंग आला तर तो माल बाद.

स्वच्छता किती, याची भाषा मूळ स्वीडिश मानकातून आलेली: एसए १ म्हणजे वरवरची सफाई, एसए ३ म्हणजे निखळ धातू. बहुतेक कंत्राटांत एसए २½ मागतात, ज्यात फक्त पुसट छटा उरलेल्या चालतात. शेवटच्या अर्ध्या पायरीला वेळ आणि माल दोन्ही भरमसाट लागतात. म्हणून एसए ३ मागण्यापूर्वी ते खरोखर हवे आहे का, हे रंगाच्या उत्पादकाला विचारून घ्यावे. समुद्रकाठच्या पोलादावर डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या खळग्यांत मीठ दडलेले असते. ते पाण्याने धुऊनच जाते.

मारा झालेले लोखंड उघडे असते. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असली, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त नसले, तर काम सुरूच करू नये. काही तासांत पिवळी झाक येते आणि मेहनत वाया जाते. पहिला प्राइमर त्याच दिवशी, शक्य तर चार तासांत लागावा. साफ झालेल्या भागाला उघडा हात लावू नये, घामाचे ठसे रंगाखालून गंज होऊन उमटतात.

वापरून झालेला दाणा म्हणजे नुसता दाणा नसतो. जुन्या पुलांच्या आणि जहाजांच्या रंगात शिसे असे. तो रंग उडवलेला स्लॅग म्हणजे शिशाची धूळ मिसळलेला घातक कचरा. तो रस्त्याच्या भरावात टाकायचा नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते, लोखंडाच्या गंजाबरोबर ती अधिकच भयंकर. म्हणून धूळसंग्राहक रोज रिकामा करावा.

आणि दाणा कितीही सिलिकामुक्त असला तरी उडणारी धूळ ही त्या भागावरच्या रंगाची, गंजाची, साच्यातल्या वाळूचीही असते. त्या धुळीला तोंडावरचा रुमाल किंवा कापडी मास्क रोखत नाही. उघड्यावर मारा करणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे हेल्मेटच हवे आणि ती हवाही तेलाचा धूर सोडणाऱ्या कॉम्प्रेसरची नको. नोझल बंद झाले, समोर सगळे स्वच्छ दिसू लागले, तरी हेल्मेट लगेच उतरवू नये. फुप्फुसात जाणारी सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि झोत थांबल्यावरही ती बराच वेळ हवेत तरंगत असते.